नावाला तिरपं, पत्त्याला सरळ

आमचे अण्णा लातुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि त्यांचा हात तिरप्या अक्षरांसाठी प्रसिद्ध होता. प्रसिद्ध म्हणजे औशाच्या थोडं पुढपर्यंत. त्यापलीकडे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, पण हे त्यांच्यासमोर बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

जाड, उजवीकडे झुकलेली, टोकाला बारीक आणि पोटात भरलेली अशी ती अक्षरं. इंग्रजी असली तर त्यांना खाली छोटे पाय काढायचे. अण्णा त्यांना बूट म्हणत. बूट घातल्याशिवाय अक्षराने बाजारात जाऊ नये, असं त्यांचं मत होतं. स्वतः मात्र बारा महिने स्लीपरवर. झुकाव सगळीकडे सारखा यावा म्हणून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून कायम खिशात ठेवलेला होता. शिरोरेघ आडवीच ठेवायची, उभे दांडे तेवढे त्रिकोणाला धरून ओढायचे. आणि दुकानाचं नाव तिरपं काढलं तरी खालचा पत्ता सरळच. सगळंच पळायला लागलं तर गिऱ्हाइकाने थांबायचं कुठं, असं ते विचारत. आई म्हणायची, या माणसाला भिंतीवर एक तसबीर सरळ टांगता येत नाही, त्याचंच यांनी शास्त्र केलंय.

मग भूकंप झाला. आमच्या घराला तडे गेले, पण औशाच्या पुढची गावंच्या गावं मातीत गेली. त्यातल्या एका गावात अण्णांनी रंगवलेली किराणा दुकानाची पाटी होती. मालकाने दुकानाला बायकोचं नाव दिलं होतं. पाटी लावली त्या दिवशी ती बाई हसून म्हणाली होती की, माझं नाव पडायला लागलंय, त्याला टेकू द्या. भूकंपात दुकान गेलं, ती गेली, मालक तेवढा वाचला. अण्णांनी त्रिकोण खिळ्याला अडकवून टाकला. ती बाई सांगत होती आणि आपण हसण्यावारी नेलं, एवढंच त्यांनी आईला एकदा सांगितलं. याला काही अर्थ नाही हे त्यांनाही कळत होतं, पण कुंचला धरला की हात सरळच जायचा. त्यांची ती नवी अक्षरं शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी दिसायची. मला फार वाईट वाटायचं.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. उमरी-नायगावची पोरंसुद्धा जवळचं नांदेड सोडून आमच्या गल्लीत खोल्या घेऊन राहू लागली. प्रत्येक सरांना पाटीवर पळणारी अक्षरं हवी होती. मी अकरावीला ज्यांच्याकडे फिजिक्सला जायचे, ते सर स्वतः घरी आले. जाड, तिरपी, बूटवाली अक्षरं पाहिजेत म्हणाले. तिरपं पडतं, एवढंच अण्णा म्हणाले; मग सरांनी गुरुत्वमध्य समजावला, रद्दीच्या कागदावर आकृती काढली, झुकलेली वस्तू पडत का नाही ते सिद्ध केलं. अण्णांनी सगळं मन लावून ऐकलं आणि पाटी सरळ रंगवून दिली. सरांनी ती तशीच नेली. त्या आठवड्यात वर्गात मला दोन अवघड प्रश्न जास्त आले.

मीही माझ्या परीने प्रयत्न करत होते. तीन वेळा मी तो त्रिकोण खिळ्यावरून काढून कुंचल्यांच्या डब्यात ठेवला. तिन्ही वेळा तो दुसऱ्या दिवशी खिळ्यावर परत.

अशात त्या किराणा दुकानदाराचा निरोप आला. नव्या गावठाणात दुकान उभं राहिलं होतं, पाटी हवी होती, नाव तेच. अण्णांनी ती आठ दिवस रंगवली, सरळ, आणि एसटीच्या टपावर टाकून आम्ही दोघं घेऊन गेलो. मालकाने पाटी भिंतीला टेकवली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितली.

“पेंटर, हे कुणाचं नाव हाय?”

वहिनींचं, असं अण्णा कसंबसं म्हणाले.

“तिचं न्हाई. ती रोज दुकान उघडताना वर बघायची, टेकू द्या म्हणायची आन् हसायची. लई हसायची. हे कुण्या दुसऱ्याच बाईचं नाव हाय. आधीसारखं काढा.”

अण्णांनी सवयीने खिशावर हात मारला, आणि त्रिकोण घरी खिळ्यावर आहे हे त्यांना आठवलं. पण तो खिळ्यावर नव्हता. चौथ्यांदा काढलेला, माझ्या पिशवीत होता. मी तो पुढे केला. एरवी मला चांगलंच फैलावर घेतलं असतं, पण त्यांनी तो नुसता माझ्या हातातून घेतला.

पत्र्याच्या मागच्या बाजूलाही गंज धरू नये म्हणून रंग दिलेला होता. पाटी उलटी करून, डागडुजीसाठी आणलेला रंग-कुंचला काढून अण्णा तिथेच जमिनीवर बसले. पहिला दांडा त्यांनी ओढला, पुसला आणि पुन्हा ओढला. मग बाकीचे आले. पत्ता सरळ काढला.

मालकाने ओल्या नावाकडे पाहिलं आणि विचारलं, “टेकू लागंल का हो, पेंटर?” अण्णा हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मालकही रडला. मी पाटी धरून उभी होते.

परतीला एसटी औशाच्या स्टँडवर थांबली तेव्हा अण्णा म्हणाले, “तुझ्या सरांना म्हणावं, पाटी माघारी आणा. बूट घालून देतो.”