डझनावर एक

पौडच्या बाजारपेठेत एसटी थांब्यापासून चार दुकानं सोडून फकरुद्दीन मणेराचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या, एक पेटी आणि भिंतीवर खिळ्याखिळ्याला लटकवलेल्या बांगड्या. पण त्या दोन फळ्यांवर बसून मुळशीतल्या शेकडो बाया चंद्रावर जाऊन आल्या, आणि तेही समोरचा चहा गार व्हायच्या आत. त्यांना नेऊन आणणारी होती फकरुद्दीनची बायको, गुलशन. पुण्यात कवी म्हटलं की झब्बा आणि खांद्याला शबनम आठवते. मुळशीत गुलशनची पेटी आठवते, आणि मुळशीकरांना त्याचा भारी तोरा आहे. असायलाच पाहिजे.

गुलशन चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन पौडला आली तेव्हा सासू अमिनाबीने तिला धंद्यातल्या दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, बांगडी चढवताना बाईचा पंजा दाबावा लागतो, तो दुखतो, म्हणून तिला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. दुसरी, डझनभर बांगड्या भरून झाल्या की वर एक फुकट घालायची. मणेराच्या घरात बांगडी 'फुटली' कुणी म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात. एखादी वाढली तर लेकीबाळीचा हात उणा दिसू नये, त्यासाठी ही वरची एक. अमिनाबी म्हणायची, "बारा इकायच्या, तेरावी द्यायची. द्यायची ती इकलेल्यापरीस चांगली बगून द्यायची."

बोलण्यात गुंतवायचं म्हणजे बाकीच्या मणेरणी कुणाची सून कशी नि कुणाची जाऊ कशी ते बोलायच्या. गुलशनला त्यात रस नव्हता. तिला रस रद्दीत. पुण्याहून बांगड्या यायच्या त्या वर्तमानपत्राच्या फाटक्या कागदांत गुंडाळून. गुलशन बांगड्या काढायची आणि कागद मांडीवर सपाट करून वाचायची. माणूस चंद्रावर उतरला ही बातमी तिच्यापर्यंत तीन वर्षं शिळी होऊन आली, आणि तीही अर्धी. "चंद्रावर उतरल्यावर त्याने पाहिले की," इथे कागद फाटलेला. काय पाहिलं? फकरुद्दीनला विचारलं. तो म्हणाला, "पायलं आसंल की हितं बांगड्यांचं दुकान न्हाई, आन परत आला आसंल."

गुलशनचं त्यावर समाधान झालं नाही. राहिलेली अर्धी बातमी तिने स्वतःच रचली. दुसऱ्या दिवशी भुकूमची लीलाबाई बांगड्या भरायला आली. तिचा पंजा दाबता दाबता गुलशनने ती बातमी तिला गुणगुणून ऐकवली. एका बांगडीला एक ओळ. डाव्या हाताच्या सहा, उजव्या हाताच्या सहा, आणि वरच्या फुकटच्या बांगडीला वरची एक ओळ. अशी तिची पहिली कविता झाली, आणि तिच्या सगळ्या कवितांचा घाटही त्याच दिवशी ठरला. कवितेला छंद लागतो, मात्रा लागतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला हात लागायचा. समोरच्या बाईचा पंजा आपल्या पंजात आल्याशिवाय तिच्या तोंडून ओळ निघत नसे.

या लीलाबाईबद्दल सांगायला हवं. जयसिंगराव पाटलांची ही बायको, सत्तर खंडी भाताची मालकीण, नाकावर माशी बसू न देणारी. हाडं अशी जाड की तिला बांगडी चढवायची म्हणजे मणेरणीची परीक्षाच. ती पहिली कविता ऐकून लीलाबाई म्हणाली, "झालं? बरं." आणि उठून गेली. पुढे दहा वर्षं दर खेपेला ती हेच म्हणाली. पण भुकूमपासून पौडपर्यंत वाटेत दोन मणेर असताना ती कधी त्यांच्याकडे बसली नाही, हे गुलशनने मनात धरून ठेवलं होतं.

बाकीच्या बाया मात्र उघड मागणी करायच्या. नांद्याची, घोटावड्याची बाई फळीवर टेकली की हात पुढे करून विचारायची, "आज कुटं न्हेतीस गं?" गुलशन कधी समुद्राच्या तळाला वसलेल्या गावात न्यायची, तर कधी शंभर वर्षांनंतरच्या पौडात, जिथे भात आपला आपण लावला जायचा आणि बाया बांधावर बसून नुसत्या पान खायच्या. या कवितेला खास गर्दी व्हायची.

एकदाच हे सगळं तिच्या अंगाशी आलं. एकोणऐंशी सालच्या आषाढात रेडिओवर सांगितलं की अमेरिकेने आभाळात टांगलेली प्रयोगशाळा आता खाली पडणार, आणि कुठे पडेल त्याचा नेम नाही. लोकांनी भाताच्या लावण्या अर्ध्या टाकल्या. मरायचंच आहे तर रश्शावाचून कशाला, म्हणून घोटावड्यात कोंबड्या उरल्या नाहीत. तिथल्याच रंभाबाईने भर बाजारात गुलशनला गाठलं. "तूच सारकी वर बोट दावून गात हुतीस. आता वरचं खाली याया लागलं. आमच्या पोराबाळांच्या डोक्यात पडलं म्हंजी?" पंधरा दिवस गुलशनच्या हातात एक हात आला नाही. ती पेटी उघडायची, बांगड्या पुसायची आणि पेटी मिटायची. तिला फार लागलं होतं ते.

प्रयोगशाळा पडली ती लांब परमुलखात आणि समुद्रात. दुसऱ्याच दिवशी चिखलाच्या पायांनी लीलाबाई आली आणि फळीवर बसली.

"पडली न्हवं लांब? मंग भर. आन पडताना तिला काय वाटलं, त्ये सांग."

गुलशनने तिथल्या तिथे तेरा ओळी रचल्या. आयुष्यभर आभाळात राबून घरी निघालेल्या आणि घर कुठे तेच विसरलेल्या त्या यंत्राची ती कविता. लीलाबाईने ऐकली. म्हणाली, "झालं? बरं." पण बाजारातल्या सगळ्यांनी तिला तिथे बसलेलं पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत पेटीपुढे रांग लागली.

या रांगेत पुढे एक नवी बाई आली. शाळेत बदलून आलेल्या रत्नाबाई मास्तरीण. पहिल्या खेपेला बांगड्या भरून गेल्या, दुसऱ्या खेपेला वही घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "गुलशनबी, तुम्ही करता त्याला विज्ञानकविता म्हणतात. पुण्यात लोक यावर मासिक काढतात."

"काडत असतील बाई. मी तर बांगड्या भरतीया. डावा हात द्या."

पण ते शब्द गुलशनच्या मनात रुतले. आपण रिकामपणी गुणगुणतो त्याला नाव आहे, आणि ते करणारी माणसं आणखीही आहेत! आपली एक तरी ओळ छापलेली बघावी असं तिला त्या दिवसापासून वाटायला लागलं. तिने ते बोलून दाखवलं नाही. फकरुद्दीनला मात्र कळलं, कारण ती आता रद्दी वाचताना बातमीखालचं लिहिणाऱ्याचं नावही वाचायला लागली होती.

ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तिला तिची सगळ्यात मोठी कविता सापडली. रद्दीच्या एका चिठोऱ्यावर लिहिलं होतं, चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तिथे आवाज नाही. गुलशनने चिठोरा पुन्हा वाचला. म्हणजे तिथल्या बाईच्या बांगड्या वाजणारच नाहीत? मग बांगड्या भरायच्या कशाला? चार दिवस ती अस्वस्थ होती. पाचव्या दिवशी फकरुद्दीन दुकानात आला तर ही दातात बांगडी धरून तिच्यावर टिचक्या मारत बसलेली.

"भूक लागली आसंल तर भाकर खा की!"

"कान झाका आन तुमी बी धरा दातात," ती म्हणाली. "हवंतनं न्हाई, हाडातनं वाजतीया."

फकरुद्दीनने बांगडी दातात धरली, टिचकी मारली, आणि डोळे मोठे करून बायकोकडे बघत राहिला. त्या दिवशी आपली बायको काय चीज आहे ते त्याला कळलं, असं तो पुढे सांगायचा.

रत्नाबाईंनी ती कविता उतरवून पुण्याला मासिकाकडे पाठवली. उत्तर आलं. पौष महिन्यात संमेलन आहे, तिथे कवयित्रीने कविता म्हणावी, नंतर ती अंकात छापू. खाली एक ओळ होती: बारा ओळी उत्तम यमकात आहेत, तेरावी एकटी पडते, ती वगळावी.

गुलशन म्हणाली, "तेरावी म्हंजी वरची. ती काडून घेतल्याव गिऱ्हाईक काय म्हनंल?"

"ते नियमानं चालतात, गुलशनबी. नाही वगळली तर कदाचित छापणार नाहीत."

गुलशनने फकरुद्दीनकडे पाहिलं. रीत त्याच्या आईची होती आणि हौस त्याच्या बायकोची, म्हणून तो खिळ्यांवरच्या बांगड्या सारख्या करायला लागला. शेवटी गुलशनच म्हणाली, "बरं. बाराच म्हनंन."

पुण्याला निघायच्या दिवशी गुलशन, फकरुद्दीन आणि रत्नाबाई थांब्यावर आले, तर तिथे लीलाबाई उभी. "मला मंडईत काम हाय," तिने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. भाताची झोडणी नुकतीच उरकलेली, त्यात तिच्या बांगड्या वाढून एकेका हातात दोनच उरल्या होत्या. गुलशन म्हणाली, "वैनी, बसा, आदी भरते." लीलाबाईने हात पदराखाली घेतला. "येताना बगू." पण मंडईचा थांबा आला तरी ती उतरली नाही.

सभागृहात दोनशे माणसं होती. एकेक कवी यायचा, कागद काढायचा, माईकपुढे उभा राहून वाचायचा. मग पुकारा झाला, "गुलशन मणेर, मुळशी." गुलशन पेटीसकट व्यासपीठावर गेली. पेटी घरी ठेवून कुठे जायचं असतं हे तिच्या गावीच नव्हतं. आणि सवयीने ती माईकखाली मांडी घालून बसली. लोक हसले. एका पोरगेल्या कवीने धावत येऊन माईक खाली केला.

गुलशनने तोंड उघडलं, आणि पहिली ओळच आठवेना.

दुसरीही आठवेना. दहा वर्षांत शेकडो कविता म्हटल्या, पण रिकाम्या हाताने एकही म्हटली नव्हती, हे तिला त्या क्षणी कळलं. तिचे दोन्ही पंजे मांडीवर उताणे पडलेले. सभागृहात कुणी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. रत्नाबाई खालून पहिली ओळ पुटपुटत होत्या, पण तिला ती ऐकू येत नव्हती. आता उठावं आणि सरळ पौडची गाडी धरावी असं तिला वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून लीलाबाई उठली. नऊवारीचा ओचा सावरत, कुणाला न विचारता ती व्यासपीठावर चढली आणि गुलशनपुढे बसून तिने डावा हात पुढे केला.

"भर."

"वैनी, हितं?"

"मंग कुटं? हात उणा घिऊन मी घरी जाऊ व्हय?"

गुलशनने पेटी उघडली. हिरवी बांगडी काढली, तो जाड पंजा आपल्या पंजात घेतला, दाबला. आणि बांगडीबरोबर ओळ आपोआप आली.

चंद्रावरती बाजार भरला, गेले मी बांगड्या घिऊन
काचेच्या टोप्या घालून बाया बसल्या रांग लावून
कुनी नांद्याची, कुनी भुकूमची, केस तितंच पिकले
माहेर दिसतं वाटीएवढं, आभाळाला टांगले
हिरवा चुडा भरला बाई, मनगट भरून आलं
हात हलवला, चुडा हलला, वाजायचं राहून गेलं

"उजवा," गुलशन म्हणाली. लीलाबाईने उजवा हात दिला. आता सभागृहात कुणी खोकत नव्हतं. माईक खाली होता, त्यामुळे बांगडीवर बांगडी पडल्याची किणकिण शेवटच्या रांगेपर्यंत जात होती.

वाराच न्हाई त्या मुलखाला, आवाज वाहील कोन
लेकीची हाक ओठावरती, आईचे रिकामे कान
मंग बायांनी युगत केली, हातात घेतला हात
चुड्याला लावला चुडा बाई, काच बोलली हाडात
खालून वरती चढत गेली किनकिन कोपरापाशी
हजार बाया साखळी धरून बोलल्या एकमेकींशी

बारा झाल्या. लोकांनी टाळ्यांना हात उचलले. अध्यक्षांनी पुढच्या कवीचं नाव घ्यायला कागद उचलला. गुलशनही पेटी मिटणार होती.

पण लीलाबाईने हात मागे घेतला नाही. तो तसाच पुढे धरून ती गुलशनकडे बघत राहिली. "आन वरची?" ती म्हणाली, आणि माईकमधून ते सगळ्यांनी ऐकलं. "माजी वरची कुटं हाय?"

गुलशनने अध्यक्षांकडे पाहिलं नाही. अमिनाबीने सांगितलं होतं तशी तिने पेटीतली सगळ्यात चांगली बांगडी निवडली, चढवली, आणि पंजा न सोडता म्हणाली,

तू धरलास हात म्हनून, मी ऐकू आले तुला.

मग अध्यक्षच उठून उभे राहिले, आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह उभं राहिलं. शेवटच्या रांगेत फकरुद्दीन रुमालाने तोंड पुसत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "बायको हाय माजी. पौडची." लीलाबाई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "झालं. बरं." गाडीत ती भुकूमपर्यंत हात हलवून बांगड्या वाजवत होती.

फाल्गुनात अंक आला. रत्नाबाई तो घेऊन शाळेतून थेट दुकानात आल्या. गुलशनने बोटाने ओळी मोजल्या, बांगड्या मोजाव्यात तशा. सहा. सहा. मग थोडी कोरी जागा, आणि खाली एकटी एक. त्याच्याखाली तिचं नाव: गुलशन फकरुद्दीन मणेर, पौड, तालुका मुळशी. ती ते नाव कितीतरी वेळ बघत राहिली. मग रडली, मग हसली, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "थांब गं जरा, आज माजा दिवस हाय."

बाजारच्या दिवशी लीलाबाई आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने अंक हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, आणि कुणी बघत नाही असं पाहून हळूच विचारलं,

"ह्यातली माजी कंची?"

गुलशनने तिचा जाड पंजा हातात घेतला आणि तिचं बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.