हिरव्या कणांतला वायू

केडगावच्या घरात जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडलेला होता, त्यामुळे जेवणं खाली चटईवर व्हायची. पुण्याच्या रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की टेबल किंचित थरथरायचं आणि नीलांबरी गंधे हिच्या चिमट्यातला कण निसटायचा. मग ती डोळे मिटून थोडी थांबायची आणि पुन्हा शोधायला लागायची.

बरीच वर्षं ती परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत दगडांतल्या वायूंचा अभ्यास करत होती. तिचे वडील मार्तंड गंधे पारनेरला भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आई आधीच गेली होती, भावंड नव्हतं. नीलांबरी लांबलचक रजा टाकून घरी आली. येताना फोडून, चाळून पिशव्यांत भरलेला दगडाचा चुरा सोबत घेऊन आली.

तो चुरा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या ज्वालामुखीचा. त्यात बाजरीच्या दाण्याएवढे हिरवट, काचेसारखे कण असतात. पृथ्वीच्या पोटातला थोडासा हेलियम त्यांत कोंडलेला राहतो. हेलियम दोन तऱ्हेचा. जड हेलियम खडकातल्या युरेनियमसारख्या द्रव्यांपासून सतत नवा तयार होतो. हलका मात्र बहुतेक पृथ्वी घडली तेव्हाचाच. हलक्याचं प्रमाण जास्त निघालं तर तो लाव्हा फार खोलातून वर आला, असं समजतात. आपल्या पारनेरच्या काळ्या पाषाणाचा लाव्हा आणि त्या बेटाचा लाव्हा एकाच उष्ण जागेवरून वर आला, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. भारत तिथून सरकत उत्तरेला आला, बेट मागून तयार झालं. मार्तंड गुरुजींना हे ऐकायला आवडायचं. पूर्वी ते यावर उलट प्रश्नही विचारायचे.

कण निवडायचं काम किचकट होतं. तडा गेलेला चालत नाही, काळा थर चिकटलेला चालत नाही. निवडता निवडता मध्येच आतून हाक यायची. गुरुजींना कूस बदलून द्यायची, भांडं द्यायचं, औषध भरवायचं. राळेगणकडच्या लंकाबाई दिवसभर मदतीला असायच्या, पण त्यांचीही कंबर धरलेली.

"ताई, डोळं जातील अशानं," त्या म्हणायच्या.

"जातील तेव्हा बघू, लंकाबाई."

पावसाळा गेला, थंडी आली, तेव्हा कुठं मोजण्यापुरते कण झाले. वडिलांना सोडून जाववेना, म्हणून तिनं ते कुरिअरनं प्रयोगशाळेत पाठवले. तिथं यंत्र चालवणाऱ्या हर्षलनं मोजून द्यायचं कबूल केलं होतं. निर्वात नळीत कण चिरडले की आतला वायू सुटतो आणि यंत्रात जातो. एका कणाला एकदाच संधी.

दुपारी ती गुरुजींना खिमट भरवत असताना त्याचा फोन आला.

"मॅडम, व्हॉल्व्हमधून बाहेरची हवा शिरत होती. सगळे नमुने चिरडून झाल्यावर लक्षात आलं."

"सगळे?"

"पहिल्यालाच शंका आली होती. पण आकडे बरे दिसत होते, म्हणून पुढे गेलो."

त्याला रागवायचं म्हटलं तरी तेवढं बळ हवं.

"ठीक आहे. तुम्ही जेवला नसाल तर जेवून घ्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय... झालं?" गुरुजींनी विचारलं.

"हवा शिरली, अण्णा. सगळं वाया गेलं."

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "मग... पुन्हा."

"पुन्हा म्हणणं सोपं आहे. पडून राहणाऱ्याला काय जातंय?"

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. गुरुजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. वाटीतलं खिमट निवलं तरी ती चमचा धरून तशीच बसली होती. शेवटी लंकाबाईंनी वाटी काढून नेली. संध्याकाळी तिनं त्यांचे पाय चेपून दिले, माफी मागितली. त्यांनी डावा हात तिच्या हातावर ठेवला. ऐकलं की नाही, कळलं नाही.

मायक्रोस्कोपवर तिनं प्लॅस्टिकची पिशवी चढवली. टेबल रिकामं नव्हतंच, त्यामुळे जेवणं खालीच चालू राहिली.

"ते झाकून ठिवलंय तवापून तुमी धड झोपत न्हाई," एकदा लंकाबाई म्हणाल्या.

खरंच होतं. काम करून ती दमायची, पण न करण्यानं जास्त दमत होती. एका सकाळी तिनं पिशवी काढली आणि उरलेला चुरा ओतला. कोणाला काही सांगितलं नाही.

या वेळी कण थोडेच निघाले. पुढच्या उन्हाळ्यात चार दिवसांसाठी लंकाबाई मुक्कामाला आल्या आणि नीलांबरी स्वतः प्रयोगशाळेत गेली. नळीचा प्रत्येक जोड तिनं हर्षलबरोबर तपासला. पाचांतले तीन नमुने नीट मोजले गेले. हलक्या हेलियमचं प्रमाण हवेतल्यापेक्षा बारा-तेरा पट निघालं. पूर्वी इतरांना मिळालं होतं, जवळपास तेवढंच. नवं काही नव्हतं. पण चूकही नव्हती.

घरी परतल्यावर ती गुरुजींच्या कॉटशी बसली.

"अण्णा, झालं मोजून. खोलातूनच आलाय तो लाव्हा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "कुठून... आलीस?"

"प्रयोगशाळेतून."

"बरं," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

तीही तिथंच फरशीवर आडवी झाली. लंकाबाईंनी पंखा तिच्याकडे वळवला आणि दिवेलागणीपर्यंत तिला उठवलं नाही.