डेरिक बॅराक्लफचा हॉर्न

डेरिक बॅराक्लफ अत्यंत सज्जन माणूस होता, आणि ह्या सज्जनपणाचा त्याच्या बायकोला वीट आला होता. यॉर्कशरच्या डोंगरउतारावरच्या त्या गावात तशी सज्जनांची वाण नव्हती. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला, तर ज्याचा चेंगरला तोच आधी "सॉरी" म्हणायचा. पण डेरिकची तऱ्हाच न्यारी. बस कंपनीत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे त्याने उभी हयात काढली, आणि लोक स्वतः विसरून गेलेल्या छत्र्यांबद्दल त्यांचीच माफी मागत तो निवृत्त झाला.

त्याची एकच चैन होती, मोटारसायकल. बर्मिंगहॅमची बनावट, वयाने त्याच्या थोरल्या मुलीपेक्षा मोठी. इतक्या जुन्या गाड्यांना सरकारने वार्षिक तपासणीतून सूट दिलेली होती. पण सरकार नको म्हणतंय म्हणून जायचं नाही, हे डेरिकला उद्धटपणाचं वाटायचं. दर मे महिन्यात तो गाडी तपासणीला न्यायचाच. खरं सांगायचं तर वर्षभरात ती तिथवर जाऊन यायची तेवढीच. एरवी ऊन असलं तर धूळ बसेल आणि पाऊस असला तर चिखल लागेल, म्हणून ती गॅरेजमध्ये जुन्या रजईखाली झोपून असायची. चालवण्यासाठी तपासणी करतात, हा डेरिकला उलटा प्रकार वाटायचा.

मार्चमध्ये त्याच्या बायकोने, मेविसने, गाडीचा विषय काढला. तिला गॅरेजमध्ये मोठा फ्रीजर ठेवायचा होता, आणि शेजारच्या गॉर्डन सटक्लिफचा त्या गाडीवर कधीपासून डोळा होता.

"मी काय म्हणते," भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "ह्या खेपेला नापास झाली तर विकून टाकू गॉर्डनला. पास झाली तर राहू दे. चालेल ना?"

गाडी गेली तर ह्या घरात आपलं म्हणावं असं काहीच उरणार नाही, हे डेरिकला लख्ख दिसलं.

"चालेल की," तो म्हणाला. "काहीच हरकत नाही. चहा टाकू?"

मग गॅरेजमध्ये जाऊन तो गाडीच्या सीटवर डोकं टेकून बराच वेळ बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपण पुष्कळांना खाताना बघतो. डेरिकचं वैशिष्ट्य असं, की तोंडही तो स्वतःच दाबायचा.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. ब्रेक आवळले, साखळीला तेल दिलं, दिव्यांचे बल्ब बदलले. मग खरी तयारी सुरू झाली, म्हणजे पॉलिश. चाकाचा एकेक आरा त्याने जुन्या बनियनने पुसला. जिथे फडकं पोचेना तिथे टूथब्रश घातला. मुलीच्या लग्नातही एवढी सजावट झाली नव्हती. गॉर्डन कुंपणावर कोपरं टेकून बघत राही.

"नापास व्हायची नाही ना रे?" तो काळजीने विचारी. काळजी खरी होती, फक्त उलट्या बाजूने होती.

"बघू या," डेरिक म्हणे, आणि त्याला बिस्किट देई.

तपासणीच्या दिवशी पुढे डेरिक गाडीवर आणि मागे मेविस मोटारीत, अशी वरात निघाली. केंद्रावर पोचल्यावर कळलं, की अल्बर्ट हिवाळ्यात निवृत्त झाला. हा अल्बर्ट वर्षानुवर्षं चहाचा मग घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायचा, "छान ठेवलीये" म्हणायचा आणि पास करायचा. त्याच्या जागी आता किली नावाची तिशीतली बाई होती. ती जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली गेली. तिने ब्रेक तपासले, चाकं फिरवली, दिवे लावून पाहिले. सगळं ठीक. मग उठून तिने सहज हॉर्नचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबलं.

"कधीपासून बंद आहे हा?"

"कल्पना नाही," डेरिक म्हणाला. "मी कधी वाजवला नाही."

"कधीच नाही?"

"तशी वेळ आली नाही."

"आली होती," मागून मेविस म्हणाली. "ट्रक अंगावर आला होता. हा गाडीसकट कुंपणात गेला, आणि तिथून ट्रकवाल्याला हात केला."

त्या गावात हॉर्न वाजवणं म्हणजे एखाद्याच्या आईबापांचा उद्धार करणं. डेरिकने तो चकचकीत पुसला होता, पण वाजवून बघायचं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"हॉर्न नाही म्हणजे नापास," किली म्हणाली. "पण आज केंद्र बंद करायच्या आत इथेच दुरुस्त केलात तर पुन्हा बघते. अवजारं तिथे आहेत. करता का?"

"नको नको. तुम्हाला उगीच त्रास. नापास करून टाका."

मेविसने पर्स बाकावर ठेवली. "डेरिक, तुला ती गाडी हवी आहे की नको?"

"तुझा फ्रीजर..."

"फ्रीजरला घाल खड्ड्यात. मी तुला विचारतेय."

डेरिक रुमालाने हॉर्न पुसू लागला. मेविस बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग होता असं कुणी म्हणेल, पण ते दुःख होतं.

तेव्हा त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. हॉर्नच्या तारा खरवडून गंज काढला आणि पुन्हा जोडल्या. आता उरलं अवघड काम. बटण दाबून धरायचं आणि आवाज येईपर्यंत हॉर्नच्या पाठीवरचा स्क्रू फिरवायचा. आवारात चार माणसं आपापल्या गाड्या घेऊन थांबली होती. त्यात गावच्या चर्चच्या पाद्रीबाईही होत्या.

दाबल्यावर आत काही तरी कुरकुरलं. "सॉरी," डेरिक सगळ्यांना उद्देशून म्हणाला. स्क्रू थोडा फिरवला. बेडूक डरावल्यासारखा आवाज आला. "सॉरी, खरंच सॉरी." अजून थोडा फिरवला.

आणि हॉर्नला कंठ फुटला. दिव्यासमोर उभी असलेली मेविस दचकून दोन पावलं मागे सरली. पाद्रीबाईंच्या हातून किल्ल्या पडल्या. डेरिकचा अंगठा बटणावरून उठेना.

"कळलं, मिस्टर बॅराक्लफ," किली कानांवर हात ठेवून ओरडली. "पास आहे. सोडा आता."

त्याने सोडला नाही. आणखी थोडा वेळ वाजू दिला, मग सोडला. सवयीने "सॉरी" ओठांवर आलं होतं, पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"मला ती विकायची नाही. मार्चमध्येही विकायची नव्हती."

मेविसने बाकावरची पर्स उचलली.

"मार्चमध्ये म्हणालो असतो," त्याने विचारलं, "तर ऐकलं असतंस?"

"मुळीच नाही," मेविस म्हणाली. "पण मला भांडायला कुणी तरी मिळालं असतं. किती वर्षं मी त्या घरात एकटीच भांडतेय, डेरिक."