मिरकरवाड्यातली हेल्सबी

कोल्हापूरहून रत्नागिरीची सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पाने-पकड, मोजमापाचा व्हर्निअर आणि तीन दाते तुटलेल्या एका चक्राचा फोटो होता. कपडे मात्र घरीच राहिले होते. हे मला मलकापूर गेल्यावर कळलं.

हेल्सबी ही आमची गाडी. ती बनवणारी विलायती कंपनी कधीच बुडाली. बाबांनी एका कारखान्याच्या भंगारातून तिचा सांगाडा आणला आणि निवृत्तीनंतरचे सगळे दिवस तिला दिले. माझं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळे बाकी सगळं आम्ही घडवलं. अडलं ते क्राउन-पिनियनवर, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीवर. तुटलेल्या दात्यांवरून नवी जोडी कापता येईना. इंग्लंडमधल्या एका हौशी गृहस्थांनी कंपनीच्या जुन्या वहीतलं पान पाठवलं. आमच्या गाडीच्या पुढचाच क्रमांक रत्नागिरीच्या एका डॉक्टरांच्या नावावर होता. कितीतरी फोन केल्यावर त्या डॉक्टरांची नात सापडली. ती म्हणाली, "गाडी मोडीत गेली हो. मागचा आस तेवढा मिरकरवाड्यातल्या कुणीतरी नेला होता, होड्या ओढायला."

आंबा घाटात ट्रक आडवा झाला आणि एसटी तासभर अडकली. सगळे उतरून कणसं खात बसले. मी रस्त्याच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, तुम्ही चालल्यानं ट्रक सरळ होणार हाय व्हय?" तेवढ्यात बाबांचा तिसरा फोन आला. "पोचलीस?"

मिरकरवाड्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. मे संपत आला होता, मासेमारी बंद व्हायला दोनच दिवस उरले होते. बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं. सुरमईच्या ढिगापाशी लिलाव चालला होता. मी प्रत्येकाला तेच विचारत होते. शेवटी जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने सुईनेच दिशा दाखवली, "शेवंतीचा रहाट? तो काय, माडांखाली."

वाळूत एका चौथऱ्यावर आस घट्ट बसवलेला होता. एक चाक जखडलेलं, दुसऱ्याच्या जागी दोर गुंडाळायचा लाकडी ड्रम. वर आलेल्या उभ्या दांड्याला बांबू बांधले होते. ते ढकलत माणसं गोल फिरली की दोर गुंडाळत होडी वर येई. मी गंज खरवडला. 'हेल्सबी' अशी अक्षरं उमटली. मी धावत समुद्राकडे का गेले आणि परत का आले, ते मलाही सांगता येणार नाही.

"काय गो बाय, काय हरवलंय?" मागून आवाज आला. शेवंतीमावशी तीन होड्यांच्या मालकीण. हा रहाट त्यांच्या यजमानांनी उभा केलेला. ते आता नव्हते. मी एका दमात सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी तुम्हाला विजेवरचा रहाट बसवून देते. हा मला द्या."

"पावसात वीज असते होय गो?" मावशी हसल्या. "आधी माझ्या होड्या वर येऊ देत. मग उघडून बघ."

होड्या दुसऱ्या दिवशी ओढायच्या होत्या. मावशींच्या घरी बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट कालवण) आणि तांदळाची भाकरी जेवले, मावशींचंच लुगडं नेसले. सकाळी नुसतं बघत राहणं जमेना, म्हणून मीही बांबूला छाती लावली. पहिली होडी वर आली, दुसरी आली. तिसरीच्या वेळी लाट आडवी लागली, होडी कलली, दोर ताणला आणि आसातून कट् असा आवाज आला.

"ढकला!" मावशींचे दीर यशवंत तांडेल (होडीवरचे मुख्य) ओरडले. आम्ही ढकललं. होडी वर आली.

मी लगेच झाकण उघडलं. तडकला होता तो ड्रमचा लाकडी खुंटा. आतले दाते एकूण एक शाबूत, चकचकीत. मावशी म्हणाल्या, "दर वर्षी मोरीचं तेल (मुशी माशाचं) घालते. ह्यांनी तसं सांगून ठेवलेलं."

बाबा फोनवर म्हणाले, "काहीही कर, पण घेऊन ये."

मी मावशींना म्हणाले, "पावसाळाभर हा पडूनच असेल. जोडी मला द्या. तिच्यावरून नवी कापून घेते आणि नारळी पौर्णिमेच्या आत हीच परत आणून बसवते."

यशवंत तांडेलांनी मान हलवली, नाही म्हणून. मावशींनी जुन्या साडीचा तुकडा फाडला आणि जोडी त्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

कोल्हापुरात नवी जोडी झाली. चांगलीच झाली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "अस्सल आपल्या गाडीत घालू. नवी त्यांना दे. नवीच जास्त टिकेल. त्यांना काय कळणार आहे?"

खोटं नव्हतं ते. नवी खरोखरच टिकली असती. आठवडाभर मी दोन्ही जोड्या उचलून बघत होते, खाली ठेवत होते. एकदा तर जुनी गाडीत बसवलीसुद्धा. मग काढली. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले.

पौर्णिमेला चार दिवस असताना भर पावसात मी पुन्हा मिरकरवाड्यात उतरले. जुनी जोडी बसवली. "मावशी, बघून घ्या ना. तुमचीच आहे."

"बघायचं काय त्यात?" म्हणत त्यांनी तेलाची बाटली उपडी केली आणि झाकण लावायला सांगितलं.

परतीच्या एसटीत राहून राहून वाटत होतं, त्यांनी एकदा तरी वाकून बघायला हवं होतं. आपल्या खरेपणाला कुणी साक्षीदार नसला की तो अंगावर ओल्या कपड्यासारखा जड वाटतो. पण साखरप्यापर्यंत येता येता दुसरंच उमगलं. अस्सल भाग अस्सल भाग म्हणत मी इतके महिने धावले. तो भाग ज्यांनी खऱ्या अर्थानं वापरला, जपला, त्यांच्याकडेच तो होता.

बाबा दारात उभे होते. "ओळखली त्यांनी?"

"बघितलीच नाही."

"मग नवी दिली असतीस तरी चाललं असतं."

"चाललं असतं," मी म्हणाले.

बाबांनी खिशातून हेल्सबीची किल्ली काढली, जी त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती, आणि माझ्यापुढे धरली. "नवी जोडी बसवलीय मी. पाऊस थांबलाय. पन्हाळ्याच्या रस्त्यानं जाऊन येऊ. तू चालव."