ताईने सही केली नाही

माझी थोरली बहीण चिप बनवणाऱ्या कंपनीत वीज वाटते. लोक विचारतात, "म्हणजे वायरमन का?" ती सरळ हो म्हणते. नखाएवढ्या चिपवर लाखो बारीक भाग असतात. कडेने आत आलेली वीज धातूच्या तारांच्या जाळीतून त्या प्रत्येकापर्यंत पोचवायची आणि वाटेत तिचा दाब पडू द्यायचा नाही, हे तिचं काम. जाळी दाट केली तर इतर तारांना जागा उरत नाही. विरळ केली तर लांबचा कोपरा उपाशी राहतो. सतरा वर्षं ती हेच करते आहे.

गेल्या वर्षी कानाच्या मशीनसाठी चिप करायची होती. ताईची जाळी तपासून झाली होती, सगळं मर्यादेत होतं. मग तिच्या साहेबाला चिप आणखी लहान हवी झाली. त्याने तिला न विचारता वरच्या थरातल्या एकाआड एक तारा काढायला लावल्या.

ताई त्याच्या खोलीत गेली. "उजवा कोपरा तग धरणार नाही."

"दाबाची सरासरी बघ ना. सरासरीत सगळं बसतंय."

"गोंगाट झाला की आवाज गाळणारे सगळे भाग एकदम जागे होतात. त्या क्षणी सरासरी काय कामाची?"

"तू उगाच ताणतेस."

बदललेल्या आराखड्यावर तिने सही केली नाही. आकड्यांसकट आक्षेप लिहून पाठवला. साहेबाने दुसऱ्याची सही घेतली आणि आराखडा कारखान्यात गेला.

चार महिन्यांनी चिप तयार होऊन आली. बारा जणांच्या कानात मशीन बसवून चाचणी सुरू झाली. त्यांत एक म्हातारी शिंपीण होती. आठवड्याने ती मशीन हातात घेऊनच आली. म्हणाली, "एकटी असले की झकास ऐकू येतं. नातीच्या नाटकाला गेले, टाळ्या सुरू झाल्या आणि हे मेलं बंद पडलं. चार माणसांत ऐकू यावं म्हणूनच घातलं होतं ना?"

नंतरच्या बैठकीत साहेबाने पडद्यावर एकच ओळ दाखवली: 'दोष वीजजाळीचा.' सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. तिने लॅपटॉप उघडला आणि आपलं पत्र तारखेसकट मोठ्याने वाचून दाखवलं.

"आपल्याच माणसांकडे बोट दाखवणं शोभत नाही," साहेब म्हणाला.

हे तो म्हणाला, तो! ताईने घरी सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काढलेल्या तारा निमूटपणे परत घातल्या गेल्या. नवी चिप आली तेव्हा शिंपिणीला पाच जण एकदम बोलत असलेल्या खोलीत बसवलं. मागे बसलेल्या बाईने तिचं वय विचारलं, तर ती न वळता म्हणाली, "तुला काय करायचंय?"

कौतुकाचं पत्र साहेबाला मिळालं. ताईच्या वार्षिक अहवालात शेरा आला: 'सहकार्याची वृत्ती कमी.' तिने आक्षेपाचं पत्र जोडून शेरा खोडायची मागणी केली. तीनदा केली. उत्तर नाही.

"लाथ मार त्या नोकरीला," मी म्हटलं.

"आणि पुढची जाळी कोण तपासणार? तो?"

तिने चौथा अर्ज लिहायला घेतला.