निलेशची कुऱ्हाड

डहाणू रोडला माझं बोर्ड आणि फ्लेक्सचं दुकान आहे. उरलेले फ्लेक्स आणि घडलेले किस्से, दोन्ही मी टाकून देत नाही. जागा मात्र किस्सेच जास्त खातात.

त्यातले निम्मे निलेशच्या कुऱ्हाडीचे. कुऱ्हाड म्हणजे त्याचा फॉन्ट. निलेश आमचा डिझायनर. त्यानं स्वतः बसून हा मराठी फॉन्ट बनवला. जाडजूड, नुसते कोपरे. ठसुद्धा चौकोनी!

पहिलं गिऱ्हाईक सरावलीचं. निलेशनं हौसेनं त्यांच्या मुलीचा ‘शुभविवाह’ कुऱ्हाडीत काढला. मुलीच्या आईनं पाहिलं आणि म्हणाली, “अरे, लग्न आहे. मोर्चा नाय काढायचा.”

मग आले उंबरगावचे शेठ. त्यांना तोच फॉन्ट गुजरातीत हवा होता. निलेश म्हणाला, “सगळी अक्षरं नव्यानं काढावी लागतील.”

“शेनी नवी? वरची रेघ काढून टाक ने, थयुं गुजराती.”

निलेश त्या दिवशी जेवला नाही.

वरोरच्या धर्माकाकांना मात्र कुऱ्हाड आवडली. त्यांनी बोटीवर नाव लावून घेतलं, किनाऱ्यावर लांब जाऊन वाचलं आणि खूश झाले. पंधरवड्यात परत हजर. “पोरा, आता सगळे लांबूनच मला ओळखतात आन् जिथं मासळी मिळते तिथं मागोमाग येतात. झाकायला काय तरी दे.”

उरलेला फ्लेक्स असा कामी आला.

इथवर हसण्यावारी चाललं होतं. पण निलेशला तलासरीची मनीषा आवडली, तिलाही तो, आणि गाडी अडली तिच्या वडिलांपाशी. लक्ष्मणकाका भातशेतीवाले, मोजकं बोलणारे. मी निलेशच्या बाजूनं बोलायला गेलो होतो.

“मुलगा करतो काय?”

“अक्षरं बनवतो.”

“अक्षरं तर आहेतच की.”

शेवटी ते म्हणाले, “बघून सांगतो.” निलेशचं तोंड बघवत नव्हतं. मनीषानं फोन करून धीर दिला, तोही रडत रडत.

एका दुपारी लक्ष्मणकाका अचानक दुकानात आले. घामाघूम, धाप लागलेली. आम्ही खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी आधी विचारलं, “मोरी कुठं आहे?” जाऊन आले, मग बसले.

“वाणगावला बाजारामागच्या भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ लिहिलंय. ते तुझं?”

निलेश घाबरत म्हणाला, “हो, कुऱ्हाडीतलं.” त्या भिंतीवर आधी साधे बोर्ड लावून झाले होते, देवांच्या टाइल्सही. कोणी जुमानलं नव्हतं.

काकांनी उरलेलं पाणी सावकाश संपवलं.

“मी तिथं गेलो होतो. उभापण राहिलो.”

“मग?”

“मग काय. तसाच इथवर आलो.”

काका उठले, दारापर्यंत गेले आणि वळून माझ्याकडे बघत म्हणाले,

“सुपारी फोडायला कधी येताय? पत्रिका मात्र गोल अक्षरात छापा. लोक आले पाहिजेत.”