पाचवा महिना सरेपर्यंत

आमच्या मुलीच्या जन्माची पगारी रजा माझ्या नवऱ्याला मिळाली. मला नाही. नऊ महिने पोटात वागवलं मी, कळा सोसल्या मी, आणि आठवडाभर घरी पाय पसरून बसला तो. हे मी त्याला अजूनही ऐकवते आणि तो बिचारा ऐकून घेतो. त्याचा काही दोष नाही. तो इथल्या कंपनीत एसींच्या देखभालीचं काम बघतो, व्हिसा कंपनीचा, विमाही कंपनीच भरते. ओमानच्या कायद्यात आता बापालाही रजा आहे. बाळंतिणीला तर तीन महिन्यांहून जास्त आहे, मग ती परदेशी का असेना. फक्त तिने इथल्या अर्बाबाकडे, म्हणजे मालकाकडे, नोकरीला असायला हवं.

मी नव्हते. मी अल अमेरातच्या आमच्या दोन खोल्यांत बसून आयर्लंडमधल्या लोकांची स्वयंपाकघरं आखत होते. तिथली एक छोटी कंपनी घरोघरी किचन बसवून देते. ओटा कुठे, सिंक कुठे, कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडणार, याची ड्रॉइंग्ज मी करून पाठवायची. पण मी त्यांची नोकर नव्हते, बाहेरून काम करणारी होते. म्हणजे इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, तिकडे कंत्राटी, आणि भारतातली नोकरी तर लग्नानंतर सोडलेली. तीन देशांशी संबंध, पण बाळंतपणाच्या वेळी एकाचीही मी कुणी लागत नव्हते.

मला फार काही नको होतं हो. पहिलं बाळंतपण माहेरी, चिपळूणला व्हावं आणि सव्वा महिना आईच्या हातचं खात, बाळाला कुशीत घेऊन पडून राहावं. माझ्या सगळ्या मावश्यांनी, चुलत बहिणींनी हे केलं. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणाला वाटलंही नव्हतं.

मुलगी झाली त्याच्या आदल्या वर्षी मला एकदा दिवस राहिले होते. तेव्हा मी हुरळून जाऊन दिसेल त्याला सांगत सुटले. शेजारी, इथल्या मराठी मंडळातल्या बायका, आयर्लंडच्या कंपनीची मालकीण बाई, सगळ्यांना. तिसऱ्या महिन्यात सगळं खलास झालं. मग ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना परत एकदा सांगायचं आलं, आणि ते पहिल्यापेक्षा भयंकर होतं. आयर्लंडच्या बाईने इथल्या रुवी भागातल्या कुठल्याशा दुकानातून फुलं पाठवली. ती फुलं मी त्याच दिवशी नवऱ्याला बाहेर टाकायला लावली.

म्हणून दुसऱ्या वेळी आईने फोनवर सरळ तंबी दिली. पाचवा सरेपर्यंत कुणाला कळता कामा नये. सासरी नाही, मंडळात नाही, कामावर तर मुळीच नाही. मी म्हणणार होते, आई, आयर्लंडहून नजर लागायला ती काय इंटरनेटवरून येते का? शिकलेली ना मी, जीभ वळवळतेच. पण म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मी आईपेक्षा जास्त घाबरले होते. नवऱ्यालाही बजावलं, चकार शब्द काढशील तर बघ.

आणि नेमकं तेव्हाच, मला चौथा लागलेला असताना, आयर्लंडच्या बाईने व्हिडिओ कॉल लावला. त्या वर्षी ती बाहेरून काम करणाऱ्या सगळ्यांचे करार नव्याने करत होती. माझ्यासारख्या चारदोन जणी होत्या, कुणी पोलंडमध्ये, कुणी पार सेबू बेटावर. तिने विचारलं, पुढच्या वर्षात तुझ्याकडे काही बदल होण्यासारखा आहे का, काही मोठी सुट्टी लागणार आहे का? असेल तर आत्ता सांग, करारात घालता येईल, पगारी घालता येईल. दोनदा विचारलं तिने. मागच्या वर्षीचं तिच्या लक्षात होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ही बाई माझ्या पोटातलं काढून घ्यायला बघतेय. मी ओढणी सारखी केली आणि हसून म्हटलं, छे, काहीच नाही. आपल्याकडे असं तोंडभर नाही म्हणायची चांगली सवय असते.

सहावा लागल्यावर मी सांगितलं. अगदी आनंदाने, पेढे वाटल्यासारखं. बाई आधी मनापासून खूश झाली, अभिनंदन केलं. मग तिने माझा करार काढला.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मीही भांडले असते, भांडण मला छान जमतं. करारांवर सह्या झाल्या होत्या, वर्षाची कामं वाटून झाली होती, माझ्या जागी बसवायला माणूस नव्हतं. बिनपगारी पंधरा दिवस ती सांभाळून घेणार होती. पुढे रोज अर्धा दिवस तरी काम करायचं, नाहीतर दुसरी मुलगी घ्यावी लागेल. मी नजरेबद्दल तिला काय आणि कसं सांगणार होते? मी थँक यू म्हटलं.

चिपळूण राहिलं. आमच्या घरी पावसाळ्यात वीज गेली की दोन दोन दिवस येत नाही, तिथून कसली ड्रॉइंग्ज पाठवणार. मग आईच व्हिजिट व्हिसा काढून इकडे आली, डिंकाचे लाडू, आळीव आणि शेकायला बाळंतशेपा घेऊन. तिने घर ताब्यात घेतलं. माझे कान बांधले, पंखा बंद केला. आणि सोळाव्या दिवशी दुपारी मी बेडरूमचं दार लावून खुर्चीत बसले, तेव्हा ती दाराशी उभी राहून बडबडत होती, ओल्या बाळंतिणीला कामाला जुंपते ही कसली बया, हिला लेकरंबाळं आहेत की नाहीत.

मी तिला बोलू दिलं. खरं सांगितलं असतं तर तिला काय वाटलं असतं?

दुपार ते संध्याकाळ मी आत आणि मुलगी बाहेर आईच्या मांडीवर. ती रडली की मला आत ऐकू यायचं, अंगावरचा गाऊन भिजायचा, आणि कानात हेडफोनवर कुणीतरी ओव्हनची उंची विचारत असायचं. आई वरचं दूध बाटलीने पाजायची, दुसरा उपाय नव्हता. हळूहळू मुलीला बाटलीचीच सवय लागली. मी घेतलं की तोंड फिरवायची, ताठ व्हायची. महिना दीड महिन्यात माझं दूध आटलं. आईने शतावरी दिली, खीर दिली, पण आलं नाही. त्या दिवसांत मी फार रडले आणि ते बाळंतिणीचं रडणं आहे असं सगळे म्हणाले.

आईचा व्हिसा संपला त्या दिवशी वरच्या मजल्यावरची रायगडची मुलगी तिला भेटायला आली. इथल्या दवाखान्यात नर्स आहे, नवीन लग्न झालेली. आईच्या पाया पडली. आई तिला जवळ बसवून म्हणाली,

"तुला दिवस राहिले ना गो बाय, की कुणाला सांगू नको. हिने या वेळी माझं ऐकलंन, कामावरसुद्धा बोलली नाही, म्हणून हे सोनं हाती लागलं. काय गो?"

आईच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. आदल्या वर्षी माझ्याइतकीच तीही तिकडे एकटी रडली असणार.

"हो आई," मी म्हटलं.

मग माझ्या लेकीला घ्यायला हात पुढे केले. माझ्याकडे आल्याबरोबर ती कळवळून रडायला लागली. आईने परत घेतली, तशी गप्प झाली. विमानतळावर पोचेपर्यंत ती आईकडेच होती.